मंत्री येईपर्यंत पाणी नाही

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं उंबऱ्यात पेपर पसरून मुरुंग्याचा पाला निवडत बसलो होतो. तुम्ही शेवगा म्हणता तो. माझी बायको रुक्मा पानं ओरबाडायची, मी काड्या बाजूला काढायचो, आणि ती माझ्या ढिगातून पुन्हा काड्या वेचायची. "डेपोत बसचे नट असेच आवळलेत का हो?" म्हणाली. "मी आवळलेली बस कधी वाटेत बंद पडली नाही," मी म्हटलं. मग म्हणाली, "उद्या ऑफिसात जाऊन येते. साहेबांनी बोलावलंय. नव्या मंत्र्यांची तारीख मिळेल बहुतेक." मी म्हटलं, "तारीख मिळेल. पाणी नाही मिळणार." ती हसली नाही. अर्ध्या तांब्यात पाला धुतला आणि तेच पाणी तुळशीला घातलं... एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्या पाण्याच्या सरकारी ऑफिसच्या बाकावर बसल्याबसल्या गेली. साहेब मीटिंगमध्ये होते. शिपायाला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. जेवणाच्या सुट्टीत पंखा बंद करताना त्यानं हाक मारली, तेव्हा कळलं. साहेब तेव्हा कुठं बाहेर आले. म्हणजे माणूस मेला की मीटिंग संपते, हे मला त्या दिवशी समजलं.

माझं शिक्षण तंजावरला पाचवीपर्यंत, तेही तमिळमध्ये. मराठी घरात ऐकून आली, लिहायला नंतर शिकलो. इथल्या आपल्या मराठी लोकांनी पेपरच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाले, रुक्माबाईंच्या समाजसेवेबद्दल चांगलं लिहा. चांगलं काय लिहू? झालं ते लिहितो.

आम्ही शहराच्या कडेला या वेलचेरीत आलो तेव्हा इथं तळं होतं, चिखल होता आणि आमच्यासारखी दहा-वीस घरं होती. मग कम्प्यूटरवाल्यांचे फ्लॅट उठले. पावसाळ्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी, आणि उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही. त्यात लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. बोअर आटली. पाण्याची लॉरी आली की बायका रंगीत कुडम, म्हणजे प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावायच्या, एकमेकींचे केस धरायच्या. फ्लॅटवाल्यांची लॉरी वेगळी, ती गेटच्या आत जायची. गच्चीवरून ते आमची भांडणं बघायचे. फोटोसुद्धा काढायचे.

तेव्हा सरकारची एक योजना आली. लोकांनी थोडा वाटा घालायचा, अंगमेहनत करायची, बाकीचं सरकार घालणार. आमच्या गल्लीला टाकी आणि नळ. रुक्माच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. दारोदार फिरायला लागली. मी म्हटलं, "कलेक्टर झालीस काय गं?" म्हणाली, "सरकार सरकार म्हणून शिव्या घालता, ते काय आकाशातून पडलंय? आपण घातलं तर ते आपलं होतं." मी म्हटलं, "आपलं होतं, मग त्यांचं होतं, मग कुणाचंच राहत नाही." तीस वर्षं सरकारी बसची चाकं बदललीत मी. सरकार आतून कसं असतं ते मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ती मला मोजायची नाही. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्याच्याकडून खड्डा खणून घेतला. फ्लॅटवाल्यांकडेही गेली. त्यांच्या सेक्रेटरीनं विचारलं, "आमचं नाव कुठं लिहिणार?" पाणी कुठून येणार हे नाही विचारलं.

टाकी झाली. नळ बसले. ऑफिसच्या माणसांनी पाणी भरून तपासलं, सगळं ठीक म्हणाले आणि वॉल्वला कुलूप घातलं. उद्घाटन मंत्र्यांच्या हातानं. इथं तशीच रीत आहे, साधा बसस्टॉपसुद्धा मंत्र्यानं रिबीन कापल्याशिवाय बसस्टॉप होत नाही. आणि इथंच आमच्या गल्लीनं गाढवपणा केला. साहेब खूश व्हावेत म्हणून शहाण्यांनी आधीच ग्रॅनाइटचा दगड कोरून आणला, मंत्र्याचं नाव सोनेरी अक्षरात, गल्लीचं नाव खाली बारीक. दगड चिकटवला, त्याला हार घातला, आणि त्या आठवड्यात मंत्र्याचं पद गेलं.

आता झाली का पंचाईत! जुन्या मंत्र्याच्या नावाखाली नवा मंत्री नळ कसा सोडणार? ऑफिसनं दगडावर कापड बांधलं. नवा दगड होईपर्यंत, नवी तारीख मिळेपर्यंत कुलूप तसंच. टाकीत पाणी, खाली कोरडे नळ, आणि त्याच नळांसमोर बायका लॉरीसाठी भांडतायत. मी म्हटलं, "एक पाना दे, दोन मिनिटांत सोडतो." रुक्मा आडवी आली. "नाही. चोरासारखं नाही घ्यायचं. हक्कानं घ्यायचं. आज तुम्ही फोडलंत, उद्या कुठल्या तोंडानं मी ऑफिसात उभी राहू?" मग ती त्या ऑफिसच्या फेऱ्या मारत राहिली, शेअर ऑटोत कोंबून जायची, पाय सुजवून परत यायची, आणि मला सांगायची की आज साहेब नीट बोलले. नीट बोलले! हाच तिचा पगार.

तेराव्यानंतर टाकीपाशी सभा घेतली. मांडव, खुर्च्या, कर्णा. रुक्माचा फोटो एवढा मोठा केला होता, की जिवंतपणी तिला ओळखलं नाही त्यांनीही ओळखलं असेल. साहेब स्वतः आले. माझ्या गळ्यात शाल घातली, सोनेरी काठाची. इथं जन्म झाला तर शाल, मेलं तरी शाल. भाषणात म्हणाले, जनता आणि सरकार यांनी हातात हात घालून कसं चालावं याचं उदाहरण म्हणजे ही माउली, हिनं सेवेसाठी प्राण दिला. आणि आता सगळ्या वॉर्डांत या योजनेच्या फलकावर हिचा फोटो लावायचा आहे, म्हणजे लोकांना उत्साह येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिनं कुडमासाठी रुक्माच्या झिंज्या धरल्या होत्या ती शेल्वी पदर तोंडाला लावून रडत होती. ती खरं रडत होती, तिला मी काही म्हणत नाही.

माझ्यापुढे माइक आला. मी म्हटलं, "सार, तिनं प्राण दिला नाही. तुमची वाट बघताना गेला. फोटो लावा, माझं काय जातंय. पण पाणी केव्हा?"

साहेब खाली वाकून हळू म्हणाले, "अय्या, आज दुःखाचा दिवस आहे. तारीख मागितली आहे."

"मंत्र्याची?"

"होय अय्या. नवीन दगडावर अक्कांचं नाव घालायला सांगतो. खालच्या ओळीत."

मी शाल काढून त्यांच्याच खुर्चीवर ठेवली आणि घरी आलो. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, बायको गेली ना. असू दे. फिरलेलं बरं. ती असेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघून मी गप्प होतो. आता ऑफिसात उभं राहायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर, सगळे बघत असताना, डेपोतला मोठा पाना आणि हातोडा घेऊन गेलो. कुलूप सरकारी होतं, दोन घावांत तुटलं. वॉल्व गंजला होता, त्याला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा तांबडं पाणी आलं, बायका ओरडल्या, "अय्यो, वाया जातंय!" मी म्हटलं, जाऊ दे, घाण आधी जाऊ दे. मग स्वच्छ आलं. तरी कुणी पुढं होईना, पोलीस केस होईल म्हणून. मी माझ्या दोन बादल्या भरल्या आणि मागं न बघता चालू लागलो. थोड्या वेळानं मागं कुडम आपटल्याचा आवाज आला. भांडणही सुरू झालं, नेहमीसारखं.

घरी येऊन आंघोळीला बसलो. कित्येक महिन्यांत डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. ती असती तर बाहेरून ओरडली असती, पुरे हो, किती सांडता. दोन्ही बादल्या ओतून घेतल्या... तेवढ्यात दार वाजलं. ऑफिसचा शिपाई होता, साहेबांनी ताबडतोब बोलावलंय म्हणत होता. मी आतून सांगितलं, आंघोळ चालू आहे, बाहेर बस.