वाक्य पुरं होईपर्यंत

"माझं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं," असं तो प्रत्येक नव्या ओळखीला सांगायचा आणि समोरचा हसेपर्यंत वाट बघायचा. कवळ्या बनवायचं काम. दंतवैद्य साचे पाठवायचे, हा खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात लावायचा आणि कवळी पक्की करण्याआधी दवाखान्यात जाऊन म्हाताऱ्यांना सांगायचा, "म्हणा, सहासष्ट." शीळ वाजली की समजायचं, पुढचे दात चुकलेत. मग ते केसभर इकडे, केसभर तिकडे. स्वच्छ 'सहासष्ट' ऐकू येईपर्यंत तो दहा वेळा थांबायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

घरात मात्र त्याला दम म्हणून नव्हता. एकुलती एक मुलगी लहानपणापासून अडखळत बोलायची. शब्द तिच्या ओठांवर अडला, की हा तो उचलून पुढे ठेवायचा. तिचं 'पाणी' अडलं, की 'पाणी' हाच म्हणून टाकायचा. आपण मदत करतोय असंच त्याला वाटे. ती बारा वर्षांची असताना एकदा घरी पाहुणे जमले होते. तिनं शाळेतली काही गंमत सांगायला घेतली, मध्येच अडली, आणि पाहुण्यांपुढे रंगात आलेल्या बापानं तिची नक्कल केली. अगदी हुबेहूब. सगळे पोट धरून हसले. मुलगी उठून आत गेली ती गेलीच. पुढं बापाशी बोलणं कामापुरतं. 'हो', 'नाही', 'येते'. एवढे शब्द कधी अडत नसत.

तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. बाप-लेकीमधले निरोप तिची आई पोचवायची. मग आई गेली. वर्षभरानं मुलीचा मेसेज आला: 'बौद्ध केंद्रात पाच दिवसांचं शिबिर आहे, कुटुंबांसाठी. तुमची नात म्हणते आजोबा हवेत. याल?'

"डोळे मिटून बसायला एवढ्या लांब कशाला जायचं?" तो शेजाऱ्याला म्हणाला. पण बॅग त्याच दिवशी भरली.

झाडांमध्ये एक लांबलचक बैठी इमारत होती. नाश्त्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. दिवसातून कधीही एखादं मूल घंटा वाजवी, आणि ती वाजली की हातातलं काम टाकून तीन श्वास थांबायचं. पहिल्या दिवशी त्याला हसू आवरेना. कुणी पातेल्याचं झाकण हातात धरून उभं, कुणी पायरीवर एक पाय ठेवून. जमिनीवर बसून गुडघे बोलायला लागले, तेव्हा शिबिर घेणाऱ्या म्हाताऱ्या भिक्खुणीनं स्वतः खुर्ची आणून दिली. "बुद्धाचं गुडघ्यांशी काही वैर नव्हतं," ती म्हणाली. त्याला ती बाई तिथंच आवडली.

चौथ्या दिवशी दुपारी प्रत्येक कुटुंबानं वेगळं बसायचं होतं. एकानं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. जावई नातीला घेऊन बाहेर गेला. खोलीत बाप, लेक आणि थोडं अंतर सोडून भिक्खुणी.

"बाबा, तुम्ही माझी न... न..."

शब्द त्याला ठाऊक होता. एकोणीस वर्षं तो त्याच्याही घशात अडकला होता. द्यायचा का उचलून? सवयीनं तोंड उघडलंच होतं. पण लोकांच्या जिभा जोखण्यात जन्म घालवलेल्या त्या माणसानं स्वतःची जीभ दातांमागं दाबून धरली. बाहेर कुणी तरी खडीवरून चालत गेलं. पावलं लांब गेली, ऐकू येईनाशी झाली.

"...नक्कल केली होतीत," ती म्हणाली. "लोक ह-हसले त्याचं मला एवढं नाही. पण तुम्ही इतकी हुबेहूब केलीत, बाबा. म्हणजे तुम्ही मला नीट ऐकत होतात. इतकं नीट कुणीच ऐकत नव्हतं. आणि त्याचं तुम्ही हे केलंत."

त्याची पाळी आली. तेव्हा मी तरुण होतो, मनात काही नव्हतं, अशी सगळी तयारी करून तो आला होता. ती त्यानं तशीच सोडून दिली.

"आठवतं मला," तो म्हणाला. "ते हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाळा. तू आत गेलीस, तरी बरंच वाटत होतं. हे तुझ्या आईलाही सांगितलं नाही कधी. मी चुकलो. मला माफ कर."

मुलीनं मान खाली घातली. भिक्खुणी हळूच म्हणाली, "उत्तर आजच द्यायला हवं असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना स्वयंपाकघरात बटाटे सोलायचं काम मिळालं.

"माफ केलं असं आज म्हणवत नाही, बाबा. म्हटलं तर ख-खोटं होईल."

"नको म्हणू."

"पण काल तुम्ही थांबलात."

तो हातातला बटाटा सोलत राहिला. सोलून सोलून तो लिंबाएवढा झाला, तेव्हा मुलीनंच तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पुढं ती रविवारी सकाळी फोन करू लागली. आधी नातीच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. एकदा आपल्या वरिष्ठावर चिडून पाऊण तास बोलत होती आणि मध्येच थबकून म्हणाली, "झोपलात की काय?" "छे गं," तो म्हणाला, "त्या माणसाचं पुढं काय झालं?" शिबिराला ते दर वर्षी जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्याची नजर कमी झाली, काम सुटलं, आणि मुलीनं आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्याला खोली बघून दिली. कपाट जावयानं पाठीवर वाहिलं आणि आठवडाभर कंबर धरून हिंडला.

तिथं एका संध्याकाळी त्यानं धीर करून विचारलं, "मला माफ कधी केलंस गं?"

मुलगी जरा विचारात पडली. "तारीख नाही टाकली त्यावर," ती म्हणाली. "च-चहा टाकू का?"