एक ॲप, दोन सर्व्हर आणि पुण्यातली खोली

आधीच सांगून ठेवते, मी रस्त्यातला उतारा पायानं बाजूला सारून तिथंच गाडी लावणारी बाई आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना आईला वाचून दाखवते आणि आम्ही दोघी हसतो. त्यामुळं हे स्वतः टाईप करताना माझी मलाच चीड येतेय. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही…

गाव अणदूर, तालुका तुळजापूर. आमच्या खंडोबाचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे — मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले बरेच महिने देव आमच्याकडं, थंडीतले थोडे नळदुर्गाला. दोन्हीकडची माणसं आधी करार करतात, मगच पालखी हलते. देव इथं असला की तिथं नाही, तिथं असला की इथं नाही. लहानपणापासून बघत आलेय, मला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाली, नोकरी पुण्याची. माझे जळकोटचे दत्तूमामा जागरण-गोंधळाची पार्टी चालवतात. लग्नसराईत एकाच तारखेला दोन घरी शब्द दिला जायचा आणि मग शिव्या खायच्या. म्हणून मी एक ॲप बनवलं. आसपासच्या कुठल्या पार्टीला कुठला दिवस मोकळा आहे ते मोबाईलवर बघा आणि बुक करा, इतकं साधं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी — ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरतात, त्याला कंटेनर म्हणतात. जेवणाच्या डब्यासारखं, कुठंही उघडा, भाजी तीच. हा डबा सर्व्हरवर, म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरवर, भाड्यानं ठेवायचा. एकाच डब्याच्या दहा प्रती दहा ठिकाणी चालतात. चालायलाच पाहिजेत, त्यासाठीच तर हा प्रकार काढलाय!

पहिला डबा मी पुण्यातल्या खोलीवर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर भरला. मामा नेमके तेव्हा आलेले.

"तळी उचलल्याबिगर चालू करायचं न्हाय," म्हणाले.

"मामा, हे मशीन आहे."

"मग? देवाचं काम करणार हाय न्हवं ते?"

माझी रूममेट वर्षा, तिच्या स्टीलच्या ताटात मामांनी पान-सुपारी, खोबरं, भंडारा मांडला. येळकोट येळकोट म्हणत ताट उचललं आणि मूठभर भंडारा थेट कीबोर्डवर! स्पेसबार तेव्हापासून अडकतो. मी किती बडबडले असेन, विचारू नका.

पुढं घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी अणदूरला आले. खोली मात्र ठेवली, वर्षाबरोबर; जुना लॅपटॉपही तिथंच कपाटात राहिला. असू दे, लागली तर… मग यंदा कंपनीनं कळवलं, ऑफिसला या. मला गाव सोडायचं नव्हतं. वडील म्हणाले, "एक काय ते ठरीव. ही लग्नसराई तुझ्या ॲपनं निभावली, तर ऱ्हा हितं. न्हाय तर मुकाट पुण्याला जा. अधांतरी ऱ्हाऊ नगंस."

नेमकं त्याच वेळी, ज्यांच्या सर्व्हरवर ॲप चालत होतं त्यांनी कळवलं, ही मशीनं आम्ही बंद करतोय, सामान हलवा. हे माझं रोजचं काम, दुपारच्या चहापर्यंत उरकतं. दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर घेतला, डब्याची प्रत चढवली, चालू झाली. लोकांचे मोबाईल नव्याकडं वळेपर्यंत दोन्ही चालू लागतात, पण चहा घेऊन येते तर जुना आपोआप बंद.

डबा बंद पडला की मागं एक आकडा ठेवतो. मेमरी संपली, कुणी मारला, आत काही चुकलं… प्रत्येकाचा आकडा वेगळा. इथं शून्य. शून्य म्हणजे कुणी मारलं नाही, काम आटोपून स्वतःहून गेला. मी जुना परत चालू केला, तर नवा गेला. शून्य! बंद पडलास तर आपोआप उठ, अशी ताकीद दोघांनाही दिलेली होती. ती त्यांनी धाब्यावर बसवली. दोन कंपन्या, दोन शहरं, एकाला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नाही. मी पासवर्ड बदलले, डबा नव्यानं भरला, पुण्याच्या मित्राला दाखवलं. तो शहाणा म्हणाला, रीस्टार्ट करून बघ.

मामांचे फोन चालूच. "पोरी, लोकं म्हणत्यात उघडंना. दोन पार्ट्या म्हणत्यात, आमचं नाव काढा."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "निरोप दिल्याबिगर देव तरी हलतो का? तुझा डबा हलंल व्हय!"

मी तिच्यावर खेकसले. तिरीमिरीत दोन्हीकडचे डबे बंद करून टाकले. झालं, आता पुणे. भर दुपारी बॅग भरायला घेतली, डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळंच.

तेवढ्यात मामांचा फोन. "झ्याक झालं बघ! आत्ताच भूमच्या एका घरचं बुकिंग आलं."

"मामा, ॲप बंद आहे."

"बंद कसं? मी बघतोय न्हवं."

माझ्या मोबाईलवर उघडलं. उघडलं! भूमचं बुकिंग समोर. दोन्ही सर्व्हर तपासले, दोन्ही गप्प.

मग वर्षाचा फोन. "अगं, तुझा लॅपटॉप चालू राहिलाय का? कपाटातून पंख्याचा आवाज येतोय."

त्या लॅपटॉपचा चार्जर माझ्यासमोर, अणदूरच्या घरात, खिळ्याला टांगलेला होता. कित्येक महिने झाले. तिनं व्हिडिओ कॉलवर कपाट उघडून दाखवलं. लॅपटॉप तापलेला, स्क्रीनवर तेच भूमचं बुकिंग. त्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत बाहेरच्या मोबाईलला पोहोचायला वाटच नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. वर्षानं कॅमेरा फिरवला. माझी गुंडाळलेली गादी, माझा कुकर, माझ्या चपला.

"तू नक्की राहतेस तरी कुठं गं?" तिनं सहजच विचारलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पुणं गाठलं. गादी वर्षाला दिली, बाकी सामान बांधलं, मालकांना किल्ली दिली. आपल्याकडं निघताना 'येते' म्हणतात. 'जाते' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवते. पहिल्यांदा ही खोली सोडतानाही मी 'येते'च म्हणाले होते. या वेळी दारात उभी राहून मोठ्यानं 'जाते' म्हणाले. वर्षाला वाटलं तिला म्हणतेय. काखेतल्या लॅपटॉपचा पंखा थांबला.

घरी येऊन नव्या सर्व्हरवर डबा चालू केला. चालू झाला. अख्खी लग्नसराई एकदाही पडला नाही. ऑफिसला मी राजीनामा पाठवला. वडील एवढंच म्हणाले, "ठरलं म्हणायचं."

कारण मला आजही माहीत नाही. मित्र म्हणतात, दुसऱ्या सर्व्हरवर एक जादा प्रत चालू ठेव. माझी छाती होत नाही. कुणाला खरंच काही सुचलं तर खाली लिहा, पण 'रीस्टार्ट कर' लिहिलंत तर बघा! आणि हो… हल्ली नळदुर्गाला भाजी आणायला निघाले तरी मी दारात न विसरता 'येते' म्हणते, आणि घरी परतेपर्यंत मोबाईलवर ॲप चालू आहे ना बघत राहते.