कॅमशाफ्टला कुंकू

आमच्या समस्त नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि तुमसरातल्या यच्चयावत वाहनधारकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की दसऱ्याला चालत्या गाडीची पूजा करावी, बंद गाडीचीही करावी. पण पोट फाडून ठेवलेल्या गाडीची कदापि करू नये. हे ज्ञान मला अख्ख्या सिहोऱ्याच्या साक्षीनं प्राप्त झालं आहे.

गाडी मुळात माझी नव्हेच. ती मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सिहोऱ्यात त्यांची धानाची शेती. नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी जुनी मला दिली, पण मुलगी देताना ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते गाडी देताना गहिवरले! आजही फोन केला की आधी विचारतात, "गाडी कशी हाये?" मग, "मंदा कशी हाये?" आणि दर दसऱ्याला आम्ही त्याच गाडीतून सोनं द्यायला सिहोऱ्याला जायचं, मामाजींनी बॉनेटवर कान ठेवून इंजिनाची नाडी बघायची, हा रिवाज.

यंदा गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. दसऱ्याच्या तोंडावर एकाही मिस्त्रीला सवड नव्हती. पण माझा साळा विजू जवाहरनगरला राहतो आणि मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहतो. (म्हणजे तज्ज्ञच!)

"भाऊजी, घरीच करू," तो म्हणाला. "पण एक आहे. इंजिनात वर दोन कॅमशाफ्ट असतेत. दोघांच्या तोंडाशी दातेरी चाकं. खाली क्रँकचं चाक. तिघाईले हा एकच पट्टा फिरवते. चाकं हलली नाई पायजेत. एक दात जरी चुकला ना, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुरा!"

"अरे, माझं कापडाचं दुकान आहे," मी म्हणालो. "पट्टे, नाड्या, इलास्टिक यांत माझा जन्म गेला. तू मले पट्टा शिकवते?"

दसऱ्याच्या आदल्या दुपारी आम्ही बॉनेट उघडलं. चाकं जुळवण्यासाठी कंपनीनं केलेल्या खुणा काही केल्या दिसेनात. विजू म्हणाला, आपणच खुणा करू. रंग नव्हता. मी मंदाची गुलाबी नखपॉलिश हळूच आणली आणि दोन्ही चाकांवर, समोर इंजिनावर, असे ठिपके दिले. चाकं हलू नयेत म्हणून त्या दोन्हींच्या मधे बाभळीची पाचर ठोकली. मग जुना पट्टा काढला. इतकं सुरेख काम झालं, की मी विजूला फोटो काढायला लावला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मिस्त्रीची गरज काय?' मामाजींचा लगेच अंगठा आला.

आता नवा पट्टा चढवायचा.

"आण," मी म्हणालो.

विजूनं पिशवी उलटी केली. तीत पाने होते, स्क्रू-ड्रायव्हर होता, चिवडा होता. पट्टा नव्हता.

"घरी टेबलावर राहिला जी!"

"चिवडा बरा आठवला तुले!"

ठरलं, की सकाळी तो पट्टा घेऊन येईल, तासाभरात बसवू आणि दुपारी सिहोऱ्याला निघू. गाडी होती तशी अंगणात ठेवून मी निश्चिंत झोपलो. घरात एक धर्मपरायण बाई आहे आणि उद्या दसरा आहे, हे दोन मुद्दे जोडायचं भान मला राहिलं नाही.

सकाळी मी दुकानची पूजा करून परत आलो, तर गाडीला झेंडूचा हार! बॉनेट उघडं. आत उदबत्ती. आणि दोन्ही चाकांवर हळदीकुंकवाची सुबक, सरळ रेषेतली बोटं.

"मंदे! माझे ठिपके कुठं आहेत?"

"कोणते? माझी नखपॉलिश फासली होती ते? पुसले. रिमूव्हर संपलं सारं! वरून वाकडेतिकडे लावले होते. म्या सरळ लावले."

"आणि मधली पाचर?"

"अजी, देवाच्या मधे लाकूड ठोकतेत कायले? हालवून हालवून काढली. काढल्याबरोबर एक चाक खटकन फिरलं. म्या म्हटलं, पावला देव!"

तेवढ्यात विजू पट्टा घेऊन आला. त्यानं इंजिनात पाहिलं, हात जोडले आणि नमस्कार करून मागे सरला. तो भक्तिभाव नव्हता.

"भाऊजी, हे चाक कुठं होतं?"

"थोडं डावीकडं."

"थोडं म्हणजे?"

"एक-दोन इंच."

"कापड मोजून राहिले का तुम्ही? दात सांगा, दात!"

मग मला एकदम आठवलं. फोटो! आम्ही तिघांनी मोबाइलवर डोकी टेकवली. फोटोत बॉनेट दिसत होतं. काच दिसत होती. हातात पाना घेऊन मी हसताना दिसत होतो. आणि दोन्ही कॅमशाफ्टच्या बरोबर समोर, एकही ठिपका दिसणार नाही अशा बेतानं, माझं पोट होतं!

"जरा मोठं करून पाहा ना," मंदा म्हणाली.

विजूनं मोठं केलं. पोट मोठं झालं.

"अंदाजानं लावून चावी फिरवू का?" मी हळूच विचारलं.

"फिरवा. मग बाबूजीले इंजिन डब्यात भरून द्या!" विजू कडाडला.

आणि फोन वाजला. मामाजी! "निघाले का जी? सारी मंडळी वाट पाहून राहिली. जावयानं सोताच्या हातानं इंजिन खोललं, साऱ्याईले फोटो दाखवला म्या!"

मंदानं फोन घेतला आणि बापाला सगळं सांगून टाकलं. (नखपॉलिशपासून!) मग मामाजी एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर धाडतो."

तर अशी आमची वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, त्यावर ड्रायव्हरशेजारी विजू. मागे दोराला बांधलेली, हार घातलेली, कुंकू लावलेली गाडी. स्टेअरिंगवर नव्या सदऱ्यातला मी, शेजारी मांडीवर सोन्याची पानं घेतलेली मंदा. दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमधून लोक माना वर करून पाहत होते. एकानं ओरडून विचारलं, "नवीन घेतली का जी?" विजूनं ट्रॅक्टरवरून हात हलवून "हो" म्हटलं!

सिहोऱ्यात मामाजींच्या दारापुढे ही गर्दी. आमच्याकडे जावयाला वाकडा शब्द बोलत नाहीत. इतक्या वर्षांत मामाजींनी मला साधं 'अरे' म्हटलेलं नाही. ते गाडीजवळ आले. सवयीनं बॉनेटवर कान ठेवला. आत कसलाच आवाज नव्हता. त्यांनी कान काढला, ओठ घट्ट मिटले, माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. गर्दी पुढे सरकली. आता काय बोलतात?

मी खाली वाकून सोनं दिलं. मामाजींनी ते कपाळाला लावलं, मला पोटाशी धरलं, म्हणाले, "या, बसा जी." मी सुटलो! अंगात एकदम उत्साह आला. ट्रॅक्टर दारात धडधडत उभाच होता. काहीतरी बोलावं म्हणून मी त्याच्या इंजिनाकडे वळून नुसतं विचारलं, "याचा आवाज जरा वेगळा येऊन राहिला, नाही का?"

आणि माझा तो शालीन, मितभाषी सासरा भर गर्दीत ड्रायव्हरवर ओरडला, "अबे, पळव ट्रॅक्टर! जावई पाहून राहिले!"