दक्षिणेची खोली

मेलबर्नमध्ये मी इतकी घरं पाहिली आहेत की एका शनिवारी एका एजंटने मलाच विचारलं, आज चावी तुम्ही आणलीत का. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. दर शनिवारी बायको, मुलगी आणि मी नाश्ता करून निघायचो, लोकांच्या दारात बूट काढायचो, लोकांची कपाटं उघडायचो, नळ सोडून बघायचो आणि संध्याकाळी क्लेटनच्या भाड्याच्या युनिटमध्ये परत यायचो. त्या युनिटच्या भिंती अशा की शेजारच्या विद्यार्थ्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की माझी बायको आमचा गॅस बंद करायची. युनिव्हर्सिटीत शिकत होतो तेव्हा त्या भागात आलो, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी मी तिथंच. विद्यार्थी बदलत गेले, कुकर तोच असावा.

घर घ्यायचं ठरलं ते बाबांसाठी. आई गेल्यावर ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे होते. फोनवर विचारलं की "मजेत" म्हणायचे. एकदा बाथरूममध्ये पडले, ते आम्हाला महिन्याने कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. मी म्हणालो, आता इकडेच या, कायमचे. ते म्हणाले, "एक हिवाळा काढून बघतो. जमलं तर राहीन, नाहीतर परत." म्हणजे परीक्षा आमच्या घराची होती, आणि घर अजून कुठेच नव्हतं.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातले इंजिनियर. निवृत्त झाले म्हणजे फक्त ऑफिसला जायचे थांबले. कुणाच्याही घरी पाहुणे म्हणून गेले की चप्पल काढता काढता म्हणायचे, "हॉल पश्चिमेला काढलाय, उन्हाळ्यात तापत असेल." आणि यजमान, त्याला तोपर्यंत काही होत नसलं तरी, कपाळ पुसायला लागायचा. थिएटरच्या अंधारात, बोगद्यात, हॉस्पिटलच्या तळघरात, कुठेही विचारा, उत्तर कुठे ते बोट दाखवायचे. आई म्हणायची, यांना गर्भातही दिशा कळत असणार, म्हणून तर डोकं बरोबर खाली करून आले.

तर अशा माणसासाठी वस्ती निवडायची होती. पूर्वेकडच्या जुन्या उपनगरांत झाडं भव्य होती आणि शेजारी अदृश्य. समुद्राजवळ तर कुत्र्यांनाही आमच्यापेक्षा जास्त जागा होती. पश्चिमेकडच्या टार्निट उपनगरात मात्र दुकानात कढीपत्ता जुडीने मिळत होता, आणि संध्याकाळी तळ्याकाठी माकडटोप्या घातलेले आजोबा लोक हात मागे बांधून असे चालत होते, जसं काही सगळी जमीन त्यांच्या नावावर आहे. कुणी जालंधरचे, कुणी राजकोटचे, कुणी गुंटूरचे. बायको म्हणाली, "बाबांना बोलायला माणसं तरी मिळतील." माझा ऑफिसचा प्रवास क्लेटनपेक्षा दुप्पट झाला. आमच्या ट्रेनमध्ये लोक म्हातारे होऊन उतरतात.

नव्या वसाहतीत तेव्हा झेंडे, वारा आणि पोर्टेबल केबिनमधलं विक्रीचं ऑफिस एवढंच होतं. तिथला वारा म्हणजे काय सांगू. शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलीन उडून आमच्या अंगणात येतं आणि मुलगी त्यावर दोन उड्या मारेपर्यंत पुढच्या गल्लीत पोचलेलं असतं. केबिनमधल्या टेबलावर आम्ही दुमजली घराचा नकाशा पसरला आणि फोन त्याच्यावर धरला. पुण्यात बाबांनी चष्मा लावला.

"बाण दाखव. उत्तरेचा बाण कुठाय?"

मी दाखवला.

"हां. मग गॅरेज, न्हाणीघर, कपडे धुवायची जागा, हे सगळं उत्तरेला टाका. खालची खोली दक्षिणेला. ती माझी. थंडीत सूर्य दक्षिणेकडून खाली उतरतो, सरळ पलंगापर्यंत येतो. गुडघ्यांना बरं."

बायकोने हळूच सांगितलं की वास्तुशास्त्रातही मोठ्या माणसाची खोली तिकडेच सांगतात. वास्तू आणि बाबा यांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. विक्रीवाली मुलगी म्हणाली की इथं बहुतेक लोकांना उत्तरेकडच्या खोल्या आवडतात. मी तिला म्हणालो, "माझ्या वडिलांनी अर्धा महाराष्ट्र बांधलाय." ती म्हणाली, "नो वरीज," आणि नकाशा तसा करून दिला.

आम्ही राहायला गेलो जानेवारीत. बाहेर डांबर उकळत होतं आणि दक्षिणेच्या खोलीत पाऊल टाकलं की माठात उतरल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी मावळता मावळता सूर्य एक तिरपा पट्टा तिथं टाकून जायचा. मी त्याचा फोटो पाठवला. बाबांचा उलट मेसेज आला, "बघ." त्या महिन्यात मी त्या खोलीचं इतकं कौतुक केलं की ऑफिसातले दोघे नवं घर घेताना बाबांचा नंबर मागायला लागले.

मेमध्ये बाबा आले. खोलीत गेले, भिंतीवर दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, पोकळ आवाज आला तेव्हा माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले. सकाळी तिथंच चहा, तिथंच पेपर. ऊन आलं नाही. "येईल," ते म्हणाले. "अजून थंडी लागायचीय. थंडी वाढली की तो खाली येतो."

जून आला. थंडी वाढली. बाबा स्वेटरवर स्वेटर, त्यावर आईची शाल आणि त्यावर माझं स्कीइंगला घेतलेलं आणि कधीच न वापरलेलं जॅकेट घालून खिडकीपाशी बसायचे. मुलगी खोलीत डोकावून म्हणायची, "आजोबा, इट्स फ्रीझिंग इन हिअर. तू हॉलमध्ये ये ना." ते म्हणायचे, "थांब, आता येईलच."

एका शनिवारी कपडे वाळत घालायला बायको बाहेर गेली आणि तशीच ओल्या चादरीसकट आत आली. मला गॅरेजजवळ घेऊन गेली. उत्तरेचं सगळं आकाश उन्हाने भरलं होतं. गॅरेजच्या पत्र्यावर ऊन, न्हाणीघराच्या दुधी काचेवर ऊन, कचऱ्याच्या डब्यांवर ऊन. वर आमच्या बेडरूममध्ये तर पडदे फिके पडले होते. आमची कार पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिकापेक्षा जास्त ड जीवनसत्त्व खात होती.

"अरे, आपण खालच्या गोलार्धात आहोत," बायको म्हणाली. "इथं तो उत्तरेकडून जातो. त्या खोलीत थंडीत कधीच येणार नाही."

इतकी वर्षं मी या देशात राहिलो, पण सूर्याशी माझा संबंध स्क्रीनवर तिरीप आली की पडदा ओढण्यापुरता. कळल्यावर आम्ही दोघं त्या डब्यांपाशी बराच वेळ उभे होतो. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, त्यामुळे वरची खोली त्यांना देता येत नव्हती. "त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः काढलाय नकाशा." मी म्हणालो, ते माझ्यावर सोड.

आणि मी सुरू झालो. आधी सांगितलं, यंदा ढग फार आहेत. मग म्हणालो, इथं हिवाळा उशिरा भरात येतो, ऑगस्टमध्ये बघा. एकदा तर जेवताना ओझोनला पडलेल्या भोकावर असं काही व्याख्यान दिलं की किरण त्या भोकातून वाकून कसे जातात हे मला स्वतःलाच पटलं. बाबा शांतपणे भाकरी मोडत होते. लहानपणापासून माझं कुठलंही वाक्य त्यांनी निम्मं करूनच घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते पूर्ण घेतलं, आणि तेव्हाच मला भीती वाटली.

एक दिवस मी ऑफिसातून दुपारीच आलो. ड्राइव्हवेवर, लाल आणि पिवळ्या झाकणांच्या डब्यांच्या मधे, घडीची खुर्ची टाकून बाबा बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोळे मिटलेले, तोंड गॅरेजच्या बाजूला वर केलेलं.

"उत्तरेला आहे," ते डोळे न उघडता म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? सूर्य."

मी बॅग डब्याला टेकवून ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग ओझोनबिझोन कशाला सांगत बसलास? मी तीनदा पेपरात शोधलं."

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकली आणि आम्ही कशावर बोलतोय ते ऐकून म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी नोज दॅट. वी डिड इट इन ग्रेड थ्री."

"हो का?" बाबा म्हणाले. "मला नव्हतं माहीत." आणि तिच्या केसांत अडकलेलं गवत काढत बसले.

चिडले असते तर मी तयार होतो. चिडलेल्या बाबांना हसवायचे माझ्याकडे शंभर प्रकार आहेत, त्यातले निदान चार चालतात. पण ते चिडले नाहीत. ते फक्त विचारायला लागले. दूध आणायला जाताना दारात थांबून म्हणायचे, "दुकान डावीकडे ना?" तळ्याकडे जाताना वाटेत वळून बघायचे. तिथं त्यांची ज्यांच्याशी बरी ओळख झाली होती ते जालंधरचे सरदारजी व्हिसा संपला म्हणून परत गेले. त्यांच्या जागी बाकावर नवीन कुणी आले. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून नाव, गाव, मुलगा काय करतो, हे सगळं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ते तळ्याकडे गेलेच नाहीत.

एका मराठी कुटुंबाने आम्हाला जेवायला बोलावलं. नवं कोरं घर, भिंतीवरचं प्लास्टिक अजून काढायचं होतं. यजमानाने बाबांची कीर्ती माझ्याकडून ऐकलेली, म्हणजे बारापट ऐकलेली. त्याने त्यांना सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या आणि हात चोळत म्हणाला, "काका, आता सांगा. काय चुकलंय?"

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. "छान आहे," म्हणाले.

"नाही, तरी पण? दिशा वगैरे?"

"छान आहे हो. हवेशीर आहे."

परतीच्या वाटेवर सिग्नलला बायको म्हणाली, "आपण हे घर विकू." रस्त्याकडे बघतच म्हणाली. "बैठं घर घेऊ, उत्तरेला खोली असलेलं. जुनं असलं तरी चालेल." मी लगेच हो म्हणालो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. बाबा जागे होते, हे मला आरशात दिसत होतं.

पुन्हा शनिवार सुरू झाले. या वेळी बाबाही बरोबर असायचे. पण ते घरात शिरायचे नाहीत, गाडीतच बसायचे. म्हणायचे, "तुम्ही बघून या, माझं काय." आम्ही घर नाकारून परत आलो की विचारायचेही नाहीत की का नाकारलं.

मग एक घर मिळालं. बैठं, विटांचं, मागे लिंबाचं झाड. मागची खोली उत्तरेला, आणि ऑगस्टमधलं ऊन तिच्या गालिच्यावरून चालत जाऊन पलीकडच्या भिंतीवर चढलं होतं. मी धावत गाडीकडे गेलो. "बाबा, ही एकच बघा. तिथं इतकं ऊन आहे की त्यात पापड वाळतील. गेल्या मालकाला त्या खोलीत टोपी घालून झोपावं लागायचं."

ते आले. विकायच्या घरात मांडतात तसा पलंग मांडलेला होता, त्यावर दहा-बारा उशा. दोन उशा बाजूला सारून ते उन्हात बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. बायको आणि मी दारात उभे होतो. त्यांचा चेहरा सैल होताना मी पाहिला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"उत्तम आहे. घ्या."

"ही तुमची खोली."

"तुमच्यासाठी उत्तम आहे म्हणतोय मी. मुलीला द्या ही, अभ्यासाला चांगली." मग बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, माझं तिकीट पुढच्या महिन्याचं बघायला सांग याला."

मी बोलायला लागलो. इथले डॉक्टर, इथली हवा, कायमच्या व्हिसाचा अर्ज तर जवळजवळ मंजूरच झालाय. तो आम्ही अजून भरलाही नव्हता. त्यांनी मला बोलू दिलं.

"ऐक," ते म्हणाले. "तिकडे झोपेतून उठलो की डोळे मिटूनही मला कळतं कुठली भिंत कुठे आहे. इथं उठल्यावर आधी विचार करावा लागतो. रोज सकाळी. माणूस दमतो रे."

"होईल सवय."

"होईल. मला करायची नाहीये."

"आणि परत पडलात तर?" बायको म्हणाली.

"पडलो तर कुठल्या बाजूला पडलो ते तरी कळेल," ते म्हणाले आणि हसले. आम्ही कुणीच हसलो नाही.

टोकदार बुटातला एजंट दारात आला. तीन वाजता दुसरं एक कुटुंब येणार होतं, म्हणून त्याला घाई होती. "सो, हाउ डझ डॅड लाइक इट?"

"ही लव्हज इट," मी म्हणालो. "खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलंय त्यांनी." हे शेवटचं मी मराठीतच बोललो, आणि मग त्याला इंग्रजीत सांगितलं.

बाबांना माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं. ते एजंटकडे बघून मान हलवून हसले, जसं नकाशा मंजूर करताना समोरच्या माणसाकडे बघून हसतात. मग उठले. बसल्यामुळे चादरीला पडलेल्या सुरकुत्या त्यांनी तळहाताने नीट सपाट केल्या, बाजूला सारलेल्या दोन्ही उशा होत्या तिथे लावल्या, आणि बूट घालायला बाहेर गेले.