सरांचा स्टीलचा डबा

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मला अजून पन्नाशीही लागली नव्हती. इतकी वर्षं काउंटरवर गर्दीशी बोलायची सवय, आणि आता भर सकाळी घरात आवाज कुणाचा, तर कुकरच्या शिट्टीचा. दुसऱ्याच आठवड्यात मी नवऱ्याचं पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "कपाट राहू दे. तू एखादं गाव चालवायला घे."

गाव नाही मिळालं, गाळा मिळाला. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टायपिंगची संस्था होती. सगळीकडे कॉम्प्युटर आले आणि ती बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, पण ती चालवणारे सर रोज सकाळी येऊन कुलूप उघडायचे, रिकाम्या गाळ्यात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि जेवायच्या वेळेला कुलूप लावून जायचे. पत्नी गेल्यापासून घरी थांबायला त्यांना आवडत नसे. अर्थात हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते कुणालाच काही सांगत नसत, फक्त चुका दाखवत.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या बाई मला भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. समोरच्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी मुलंमुली त्यांच्याकडे जेवायची. आयटीत मंदी आली होती. कंपन्यांनी कॉलेजातून निवडून पत्रं दिली होती, पण रुजू कधी व्हायचं ते सांगत नव्हत्या. पोरं पुण्यात येऊन नुसती वाट बघत बसली होती. मेसवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, निम्म्यांनी रात्रीचं जेवण बंद केलंय. विचारलं की म्हणतात, भूक नसते."

माझं डोकंच फिरलं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना रात्री भूक नसते? जिना चढता चढता माझं ठरलं: आपण धान्यपेढी काढायची. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं आणून ठेवावं, ज्याला हवं त्यानं न्यावं. सरांकडे गाळा मागितला. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "घ्या. माझी खुर्ची हलवायची नाही."

मला तर पंख फुटले. घरोघरी गेले. पहिल्या फेरीत पेठेनं काय द्यावं? मुदत संपलेली कस्टर्ड पावडर, अमेरिकेतल्या मुलानं आणलेली आणि कुणालाच न आवडलेली सूपची पाकिटं, आणि एका घरातून जाळी धरलेला रवा. तो रवा मी त्याच घरी परत नेऊन दिला आणि वर चार शब्द ऐकवले. ते बहुधा गल्लीभर पोचले असावेत, कारण दुसऱ्या फेरीत चांगले तांदूळ आले, डाळी आल्या, तेलाच्या पिशव्या आल्या. पोरांना खोलीवर शिजवता यावं म्हणून एकीनं लहान कुकर दिला, एकीनं वातीचा स्टोव्ह. गाळा असा काही भरला की मी दिवसातून तीनदा उगाच खाली जाऊन बघून यायची. बाहेर ठळक अक्षरांत पाटी लावली: गरजूंसाठी मोफत धान्य.

कुणीही आलं नाही.

समोरच्या इमारतीतली एक मुलगी रोज गाळ्यावरून सायबर कॅफेत जायची. उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. वाशिमकडची, इंजिनियर, मेसमधलं रात्रीचं जेवण बंद केलेल्यांपैकी. पाटीकडे बघायची आणि पावलं भरभर टाकायची. एकदा मी तिला अडवलंच.

"अगं, ये ना आत. तांदूळ ने, डाळ ने."

"नाही काकू," ती हसून म्हणाली, "आमचं चालून राहिलं व्यवस्थित."

व्यवस्थित! गालफडं बसलेली दिसत होती मला. पण ज्या पोरीच्या हातात कंपनीचं पत्र आहे, जिच्या वडिलांचं गावाकडे शेत आहे, ती 'गरजू' अशा पाटीखालून आत कशी येईल? हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त राग आला.

मग एका सकाळी सर घरून एक डबा घेऊन आले. स्टीलचा, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या पत्नीचं नाव कोरलेलं. डबा त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"आत आंबेमोहोर आहे. तांदूळ तुमच्या पेढीला. डबा परत पाहिजे."

"अहो सर, मग तांदूळ ओतू कशात? सगळी पिंपं भरलीत!"

"तो तुमचा प्रश्न. मी तांदूळ दान केलाय, डबा नाही."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. तीच मुलगी! सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हसू नका. समोरच राहता ना? हा डबा घेऊन जा, तांदूळ काढून घ्या आणि डबा घासून परत आणा. पोचा आला तर मला चालणार नाही."

मी जीभ चावली. झालं, आता ही पुन्हा या बाजूला फिरकत नाही! पण मुलीनं मुकाट्यानं डबा उचलला, "हो सर," म्हणाली आणि निघाली. मी बघतच राहिले. महिनाभर मी लाडीगोडी लावत होते, आणि या माणसानं तिला चक्क दटावून तांदूळ न्यायला लावले.

तिसऱ्या दिवशी डबा परत आला. लख्ख घासलेला, आणि आत मूठभर शेंगदाणे. "रिकामं भांडं कसं परत करायचं?" असं म्हणून ती गेलीसुद्धा. सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "खवट नाहीत," म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आनंदानं मी सरांच्या खुर्चीला धक्का दिला, ती हलली, त्यांनी बोलून घेतलं, मला काही ऐकूच आलं नाही. शेजारी एकमेकांकडे डबा पाठवतात, तसं हवं होतं हे. पाटी मी तेव्हाच उतरवली आणि पुन्हा घरोघरी गेले: धान्य द्या, पण तुमच्या नावाच्या डब्यात द्या आणि डबा परत मागा! आपला डबा परत मागायचा म्हटल्यावर पेठेला केवढा हुरूप आला. आणि पोरं यायला लागली. डबे भरून जात आणि परत येत, कधी दोन लिंबं घालून, कधी आवळासुपारी, एकदा नुसता गुळाचा खडा. सगळ्यांनी घरी हिशोब ठेवल्यासारखे डबे मोजले, आणि एकही डबा हरवला नाही.

एक सोडून. सरांचा.

तो पुन्हा भरून त्या मुलीकडेच गेला होता. उन्हाळा लागला आणि ती दिसेनाशी झाली. तिच्या खोलीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "घरी गेली काकू. पैसे संपले होते. कंपनीचं काही कळेना, आणि घरच्यांनी स्थळ पाहून ठेवलंय. परत येईल असं वाटत नाही." मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी गाळा उघडावासाही वाटेना. एवढी हुशार पोर, आणि एका तारखेपायी सगळं पाण्यात जाणार!

सरांना डब्याचं कसं सांगायचं, या विचारानं माझा जीव आणखीच खालीवर झाला. शेवटी सांगितलं.

"डबा खोलीवर आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. बरोबर घेऊन गेलीय."

"मग येईल," सर म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला त्यांच्या या भरवशाचा रागच आला. पण मीही मग दाराकडे तोंड करून बसायला लागले. रोज कापडी पिशवी दिसली की उठायची. आंबे आले, संपत आले. सरही जेवायची वेळ उलटली तरी कुलूप लावायला उठत नसत.

आणि एका सकाळी ती आली! गाडीतून उतरून तशीच, केस विस्कटलेले, हातात दोन जड पिशव्या. "काकू, तारीख आली! सोमवारपासून जॉइनिंग!" मी ओरडलेच. वरून नवरा धावत खाली आला, त्याला वाटलं मी पडले.

तिनं सरांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो फिरवून पाहिला, पत्नीच्या नावावरून अंगठा फिरवला. पोचा नव्हता. झाकण उघडलं, आत तिच्या शेतातली तुरीची डाळ होती. "ठीक आहे," म्हणाले.

मग तिनं दुसऱ्या पिशवीतून आणखी एक डबा काढला. कोराकरकरीत. आईनं तिच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या भांड्यांतला. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी. तोही तुरीच्या डाळीनं काठोकाठ भरलेला. तिनं तो माझ्यापुढे ठेवला आणि सरांकडे बघत म्हणाली,

"डाळ पेढीला, काकू. डबा मात्र परत पाहिजे."