शांतारामची लाल गाडी

काल शांतारामच्या पोरीनं त्याची रिमोटची गाडी आणून दिली. म्हणाली, "बाबा गेले, काका. तुम्हीच ठेवा." खोलली तर ग्रीसचा तोच वास आला.

आमी दोघं एकाच खात्यात फिटर. रिमोटच्या गाड्यांचा दोघांनाबी नाद; त्यात मात्र मी जपानीवाला, तो जर्मनवाला. तीस वर्षांपूर्वी दापोडीच्या मैदानावर, ऐन शर्यतीत त्याच्या गिअरचे दात गेले. माझ्या खिशात जादा गिअर होता.

"दे की राव, बसंल!"

"जपानी माल तुझ्या डबड्याला? न्हाई बसायचा."

सगळे हसले. तो गाडी उचलून गेला, परत बोलला न्हाई. मीबी गेलो न्हाई.

गाडीत तो तुटका गिअर तसाच होता. माझा तोच जादा गिअर पेटीतून काढून लावला. पहिल्याच फटक्यात बसला. बसणार, हे मला त्या दिवशीबी ठाऊक होतं.