कुजबुजेकाकांची साक्ष

त्यांचं खरं आडनाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, वहीवर मिणमिणता दिवा, आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच सोडायचा. शब्द नटाला पोचावा, पण पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये, ही त्यातली कला. म्हणून ते कुजबुजेकाका. किती भल्याभल्यांची अब्रू या माणसाने राखली, त्याला गणती नाही. टाळ्या कधी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत आणि त्यांनी त्या मागितल्याही नाहीत. घरातही ते गप्पच. दोघांच्या वाटचं काकू बोलत.

मग इमारत रिकामी करायची नोटीस आली.

तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं. मालकाचं म्हणणं, इमारत राहण्याजोगी उरलेली नाही, वर पाणी चढत नाही, भाडेकरूंनीच तिची वाट लावली. खरी गोष्ट अशी की, टाकीचा पाइप फुटला होता आणि मालकाचा मॅनेजर तो कुणाला दुरुस्त करू देत नव्हता. पाच महिने सगळे अंगणातल्या एकुलत्या एका नळावरून बादल्या वाहत होते. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. त्यांची बादली काका तिसऱ्या मजल्यावर नेत, प्रत्येक वळणावर टेकत टेकत. ही खोली गेली तर या वयात बिऱ्हाड कुठे मांडायचं, हा विचार ते बादलीबरोबरच वर नेत.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणवालीने सगळ्यांना गच्चीवर जमवलं. दारोदार फिरून ती एकच सांगत होती, "एकट्याने कशावर सही करायची नाही आणि किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही." तिनेच एक वकीलबाई गाठली. बाई फी न घेता केस लढायला तयार झाली.

"पण कोर्टात तुमच्यापैकी काहींना बोलावं लागेल," वकीलबाई म्हणाली.

शिवणवालीने काकांकडे बोट दाखवलं. "आमच्या तालमी हे घेतील!"

"पाठ करून घेऊ नका हं, काका. ज्याचं त्याला आठवेल तसं बोलू दे," वकीलबाईने बजावलं.

काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी एक कोरी वही आणली. जन्माची खोड! आठवडाभरात शिवणवालीची साक्ष तयार झाली, स्वल्पविरामासकट.

तारखेच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि सुरुवात झोकात केली. मालकाच्या वकिलाने मध्येच विचारलं, "पाइप फुटला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" हा प्रश्न वहीत नव्हता. ती थबकली. आणि तिसऱ्या बाकावरून एक सुरेख, घोटून तयार केलेली कुजबुज आली, "मशीनवर बसले होते, साहेब..."

विंगेतून ती कुणाला ऐकू गेली नसती. पण कोर्टाची खोली ती केवढीशी! न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोण बोललं?"

काका उभे राहिले.

"यांना बाहेर बसवा. आणि वकीलबाई, तुमचे साक्षीदार असे पढून येणार असतील, तर त्यांच्या शब्दावर मी विश्वास कसा ठेवू?"

बाहेरच्या व्हरांड्यात शिवणवालीने त्यांना फैलावर घेतलं. "मी बोलणारच होते की, काका! श्वास तरी घेऊ द्यायचा माणसाला!"

घरी काकूंनी उरलीसुरली कसर भरून काढली. "जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून बोललात. जिन्यात काय ऐकलंत, ते मला सांगितलंत ना? जा, त्या बाईला सांगा."

काका गेले. एकदा बादली टेकून ते वळणावर बसले असताना खाली मॅनेजर प्लंबरशी बोलत होता. ते सगळं बोलणं त्यांच्या कानात होतं.

वकीलबाईने कपाळावर हात मारला. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

पुढच्या तारखेला कुजबुजेकाका स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. समोर माणसं बसलेली आणि आडोशाला पडदा नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच. तरी सुरुवात केली. मॅनेजरचा आवाज, त्याचं खाकरणं, सगळं हुबेहूब. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"'पाइपला हात लावू नकोस. आणखी दोन महिने वाहू देत बादल्या. मग...'"

आणि काका अडकले.

"मग..."

त्यांनी सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे नुसती भिंत. इतकी वर्षं त्यांनी इतरांना या विहिरीतून बाहेर काढलं होतं. ती किती खोल असते, ते आज कळत होतं.

"मग... हाणून बाहेर काढू? नाही, साहेब. तसं नव्हतं. मला नेमकं आठवत नाही. उगाच कशाला बोलू?"

"हाणून?" मागच्या बाकावरून मॅनेजर ताडकन उठला. "खोटं! हाणून बिणून मी म्हणालोच नाही! 'मग आपणहून बिऱ्हाड उचलतील', एवढंच म्हणालो होतो!"

"बरोबर!" काका आनंदाने म्हणाले. "अगदी हेच वाक्य!"

मालकाचा वकील मॅनेजरला कोटाला धरून खाली ओढत होता, पण शब्द सुटून गेला होता. न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहिलं. "घ्या लिहून. दोघांचंही."

त्या दिवशी हुकूम निघाला. खटला चालू राहील, पण निकाल लागेपर्यंत कुणालाही घराबाहेर काढायचं नाही आणि आठ दिवसांत पाइप दुरुस्त करून द्यायचा. व्हरांड्यात शिवणवालीने काकांचे दोन्ही हात धरले. "खरं सांगा, मुद्दाम विसरलात ना?"

"नाही गं. खरंच विसरलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांचे कान लाल झाले होते.

सातव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचा नळ आधी फुसफुसला, मग खोकला, मग धो धो वाहू लागला. काकूंनी तो बराच वेळ बंदच केला नाही. काकांनी रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून ते पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

आता गच्चीवर पुढच्या साक्षीदारांची तयारी चालते. वही नसते. कुणी अडलं की काका ओठ घट्ट मिटून घेतात आणि बोट वर करतात: थांबा, येईल. तारखेला मात्र ते आपण होऊन व्हरांड्यातच बसतात. शिवणवालीने एकदा आत बोलावलं, तर म्हणाले, "नको. ओठ हलतात माझे."

"मग मी बसते शेजारी," त्या दिवशी सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "हलले की चिमटा काढते."

आणि दोघं आत गेली.